सरूबाईनं उसवलेली बाही

सन १९६०, मार्गशीर्ष वद्य चतुर्थी. दवनीवाडा गावातल्या घरी, सकाळी धानाची मळणी सुरू होण्याआधी माझी थोरली जाऊ सरूबाई गेली. खाटेजवळ चौघं होतो: भासरे, म्हणजे तिचे यजमान, त्यांचा मुलगा नामदेव, तान्हं पोर कडेवर घेतलेली त्याची बायको आणि मी. घाबरले की मी यादी करते. त्या दिवशीही केली. लाकडं, निरोप, दहाव्याचं सामान... सगळं पार पडलं. तिसऱ्या आठवड्यात तिची पेटी उघडली, तर तळाशी नामदेवचा लहानपणचा सदरा निघाला. डावी बाही लावलेली, उजवी सुटी, घडी करून खिशात ठेवलेली.

सदरा अठ्ठेचाळीस सालचा. सरूबाई घरीच, हातानं शिवायची. काखेत चौकोनी तुकडा घालायची, म्हणजे पोरानं बोरीच्या फांदीला हात घातला तरी शिवण उसवू नये. एक बाही लागली आणि सात वर्षांच्या नामदेवला देवी आल्या. दाराला कडुनिंबाचा डहाळा लागला. फोडणी बंद, केस विंचरणं बंद, सुई तर हातात धरायची नाही. घरात पडलेला टाका आजाऱ्याच्या अंगात पडतो, असं सासूबाईंनी बजावलं होतं.

पाचव्या दिवशी पोर कुणाला ओळखेना. माझ्या मनानं घेतलं, सदरा पुरा झाला तर तो घालायला हा उठेल. भर दुपारी गोठ्यात बसून मी उजवी बाही लावली. शेवटची गाठ मारते, तोच दारात सरूबाई. नामदेवचा उजवा डोळा सुजून बंद झाला, हे सांगायला ती मला शोधत आली होती.

"का करून राहिली वं?"

 तिनं सदरा ओढून घेतला, दातानं गाठ तोडली आणि सगळा दोरा काढला. मग हळूच म्हणाली, "कोणाले सांगजो नोको. बुढीले दोरा दिसला त मी म्हणीन, मीच शिवलं. मी त्याची माय आहो. तुले लेकरू नाही, तुले हाकलतीन."

सासूबाईंना दोरा दिसलाच, सरूबाईच्या लुगड्याला चिकटलेला. तिनं म्हटल्याप्रमाणे दोष स्वतःवर घेतला. नामदेव वाचला, डोळा गेला. सासूबाई असेपर्यंत देवीचा नैवेद्य सरूबाईच्या हातून गेला नाही. तो दरवर्षी मी नेला, ती उंबऱ्यापाशी उभी असायची... आणि मी गप्प. आधी हाकललं जाण्याचं भय होतं, पुढे नामदेव उरलेल्या डोळ्यानं माझ्याकडे कसा पाहील, याचं.

जाण्याच्या दोन दिवस आधी ती म्हणाली, "थे बाही तूच लावजो. नातवाले होईल." पोर अजून वर्षाचं, सदरा मोठा होईल, हे कारण मी स्वतःला चारदा सांगितलं.

परवा शेवटी सदरा मांडीवर घेतला. पलीकडच्या आळीत देवी आल्याचं सकाळीच कळलं होतं. गोठ्यातला तो टाका आठवत राहिला, दोरा सुईत जाईना. नामदेव पाहत होता. "आण काकी, मी ओवून देतो," म्हणाला. उजेडाकडे सुई धरून त्यानं एका डोळ्यानं पहिल्याच वेळी ओवली, आणि हसून माझ्या हाती दिली.

वर्तमानपत्राच्या ज्या रविवारच्या पुरवणीसाठी मी हे लिहिते आहे, ती नामदेव ओळ न ओळ वाचतो. हे छापून येण्याआधी त्याला माझ्या तोंडून कळायला हवं. यादीत तेच एक काम राहिलं आहे, बाही त्यानंतरची. ओवलेली सुई सदऱ्याला टोचून ठेवली आहे. तो आत्ता बाहेर, अंगणात बसला आहे.