मंजुळाबाईच्या नावाचं जेवण

आमच्या शेजारच्या सुभद्राबाई जेवल्या की घड्याळाकडं बघत बसायच्या. तासाभरात उजव्या बरगडीखाली कुणीतरी आतून मूठ आवळायचं, कळ पार खांद्यामागं जायची. मी विचारायचे, "आली का वो पाहुणी?" सिरसाळ्यात माझ्या जिभेपासून सुटका कुणाचीच न्हाई.

पाहुणी कोण, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. गल्लीतली मंजुळाबाई नवऱ्याआधी गेली. तेव्हापासून पितृपंधरवड्यात अहेव नवमीला तिच्या नावानं सवाष्ण म्हणून तिचे मालक शहादेवभाऊ सुभद्राबाईंनाच जेवायला बोलवायचे. बायकोची जिवाची मैत्रीण ना! पुरणपोळीवर तुपाची धार, वर भजी. घरी येऊन तास होत न्हाई तोवर बाई दुमडलेल्या.

"तीच धरती मला," त्या म्हणायच्या. मंजुळाही अशीच पोट धरून बसायची, त्यातच गेली, अन् सुभद्राबाईंनी तिला दवाखान्यात न्यायचं सोडून ओव्याचं पाणी पाजलं होतं.

गेल्या नवमीनंतर तर हुडहुडी भरून ताप आला, डोळे पिवळेधमक झाले. दवाखान्याचं नाव काढू देईनात. "न्यायचंच असंल तिला, तर नेऊ द्या मला."

मी टवाळी बाजूला ठेवली. शेवटी म्हणाले, "तुमी पाणी पाजत होता तवा दारातून 'नाटकं पुरे कर गं मंजुळे' कोण म्हणलं होतं? मीच ना? मग मला कावून धरत न्हाई ती? मी तर वाटीभर तूप पचवून ढेकर देते."

सुभद्राबाई उठल्या. मग चप्पल शोधू लागल्या.

अंबाजोगाईला सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले, एक नळीत अडकलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तेलातुपाचं खाल्लं की पित्ताशय आवळतं, खडा आडवा आला की कळ. ताप आन् कावीळ दिसल्यावर घरी बसायचं नसतं, मावशी." आधी नळीतला खडा काढला, मग पित्ताशय.

यंदाच्या नवमीला सुभद्राबाई पुन्हा त्या पानावर बसल्या. तूप बेतानं घेतलं. घरी येऊन ओट्यावर बसल्या, घड्याळ समोर. तास गेला, दोन गेले.

"आली न्हाई," त्या हळूच म्हणाल्या. डोळे भरलेले.

मीही तिथंच जेवून आले होते. पदराआड उजवी बरगडी चाचपत होते.