गोळीवरचं कुंकू

झेंडूचा वास आला की अमेरिकेतल्या अर्विंगमधला तो दसरा आठवतो. पार्किंगमध्ये लुटलं गेल्यावर मित्राने पिस्तूल घेतलं होतं. नागपूरहून आलेल्या त्याच्या आईने लॅपटॉपशेजारी तेही पूजेला मांडलं, दोन डब्यांतल्या एकेका गोळीला कुंकू लावलं आणि विचारलं, “या दोन वेगळ्या कशाला रे?” “ही गोल टोकाची प्रॅक्टिसला, कागदावर मारायला. ही खोलगट टोकाची घरासाठी, कुणी चोर घुसला तर. अंगात शिरली की फुलते, आरपार जाऊन शेजाऱ्याला लागत नाही.” काकूंनी पदराने त्या दुसरीचं कुंकू पुसून टाकलं. “अगं, तीच तर कामाची!” मित्र हसला. काकू हसल्या नाहीत. आज दसऱ्याचा फोन केला तर तो म्हणाला, “घरासाठीच्या त्या गोळ्या अजून तशाच पडून आहेत यार. आई मात्र कितीदा बोलावलं तरी या घरी परत आलीच नाही.”