गाडीखालचा ठोकळा

परवा धुळ्यात एका गॅरेजसमोर लाल प्रायमरचा वास आला आणि मी थेट भडगावच्या आमच्या अंगणात पोचले. नाना, म्हणजे माझे वडील, तिथे एक जुनी फियाट नव्याने उभी करत होते. गाडी जॅकवर चढवून ते खाली उताणे पडले होते. प्रायमर मारून झाला होता, पत्र्यातले खड्डे पुट्टीने भरले होते. आता ते सांध्यांत सीलर दाबत होते आणि मी दिवा धरून बसले होते.

एकदम जॅक करकरला. गाडी खाली आली आणि पत्रा नानांच्या छातीला टेकला.

"तू दूर हो! काकाले बलाव!" ते कसेबसे म्हणाले.

पण गाडी अजून खचत होती. मी शेजारचा लाकडी ठोकळा आत रेटला. गाडी थांबली. नाना सरपटत बाहेर आले आणि माझ्यावरच खेकसले, "दूर हो म्हटलं ना तुले?"

आपण वाचवलं त्यांना, आणि वर बोलणी! मी दोन दिवस अबोला धरला.

ठोकळा रेटताना मी स्वतः खांद्यापर्यंत गाडीखाली गेले होते, हे मला तेव्हा कळलंच नव्हतं. नानांनी मात्र ते आतून पाहिलं होतं.