मनगटाचं माप

माणूस समोर आला की लोक चेहरा बघतात, मी हात बघते. चाळीस वर्षं बांगड्या भरल्यावर दुसरं काय होणार? आमचं कासाराचं घर. वडील दुकानाच्या गादीवर बसायचे, त्यांच्यामागं मी बसले, ती अजून उठलेली नाही. बाई दुकानाची पायरी चढेपर्यंत माझ्या मनात बांगडीच्या मापाचा आकडा तयार असतो. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. बायका म्हणतात, "अगं बाई, न विचारताच कसं कळलं?" मी नुसती हसते. कळतं, त्यात काय एवढं.

मला बघायला आले होते तेव्हाही मी ह्यांचा चेहरा पाहिला नव्हता. चहाचा कप घ्यायला हात पुढं आला, तेवढाच पाहिला. बाप रे, काय हात होता! पंजा रुंद, बोटांच्या मुळाशी हाडांच्या गाठी ठळक, आणि मनगट असं भरदार की त्याच्यापुढं कपाचा कान खेळण्यातला वाटत होता. मी आत जाऊन आईच्या कानात म्हटलं, "दोन-बाराचा हात आहे, ह्यांना बांगडी भरायची झाली तर मुद्दाम ओतून घ्यावी लागेल." आईनं डोळे वटारले. पण मी होकार दिला तो त्या हातामुळंच. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आता सांगते.

हे पोहायला शिकवायचे, शहरातल्या स्विमिंग टँकवर. आमच्या सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि आलं की अख्खी गल्ली हातातलं काम टाकून धावते. अशा गावात माझा नवरा दिवसाचे पाच-सहा तास पाण्यात असायचा. घरी आले तरी अंगाला टँकचा वास असायचा. मला तो आवडायचा. दुपारी दुकान बंद करून मी जरा आडवी झाले की त्या वासानं खोलीत पाणी भरल्यासारखं वाटायचं. पंखा फिरतोय, पडदा हलतोय, आणि मी तळाशी निवांत पडलेय.

मला पाण्याची ओळख ह्यांनीच करून दिली, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात. ह्यांचं गाव दुधनी. शेतात मोठी बांधीव विहीर होती, काठावर चिंच. दुपारी सगळी माणसं जेवून लवंडली होती. हे पाण्यात उतरून मला म्हणाले, "ये की." मी पातळ खोचून एकेक पायरी उतरले, आणि पाणी कमरेला लागल्याबरोबर किंचाळून ह्यांचं मनगट धरलं. माझी बोटं काही जुळेनात. अंगठा इकडं आणि मधलं बोट तिकडं, मध्ये चांगलं दोन बोटांचं अंतर. "बोटं पुरत नाहीत की गं तुझी!" म्हणून हे खदखदा हसले. मग म्हणाले, "हात घट्ट धर, अंग सैल सोड." आणि कानडीत मोजायला लागले, ओंदु, एरडु, मूरु. घरात मराठी बोलणारा हा माणूस पाण्यात मात्र कानडीतच मोजायचा. मूरुच्या पुढं कधीतरी माझे पाय पायरीवरून सुटले. वर विहिरीएवढं गोल आभाळ, चिंचेची दोन पानं पाण्यावर, आणि कानात नुसती गुणगुण. अजूनही मला झोप लागायच्या आधी ते आभाळ दिसतं. किती वेळ तशी होते कोण जाणे.

ह्यांना हौस अशी एकच, घड्याळाची. तेही कुठलं, तर पाणबुड्यांचं. रद्दीच्या दुकानात कुठल्याशा परदेशी मासिकात ह्यांना त्याचं चित्र सापडलं होतं. निळी डायल, भोवती आकड्यांची फिरणारी कडी, पोलादी पट्टा. पाण्यात उतरताना ती कडी शून्यावर आणायची, म्हणजे आत किती मिनिटं झाली ते कळतं. ते चित्र कापून ह्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. तीस वर्षांत दोन कपाटं बदलली, चित्र तेच. "तीनशे मीटर खोल पाण्यातसुद्धा चालतं," असं मला दर दिवाळीला सांगायचे. मी म्हणायचे, "अहो, तीनशे मीटर पाणी आणायचं कुठून? आपलं उजनीचं धरणसुद्धा पुरायचं नाही!" हे म्हणायचे, "घेऊ की कधीतरी." आणि ते कधीतरी काही येत नव्हतं.

गेल्या वर्षी ह्यांच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. वाचले, देवाची कृपा. डॉक्टर म्हणाले, आता काळजीचं कारण नाही. पण गेलेलं अंग परत आलं नाही. मी काय काय केलं नाही! खिरी केल्या, लाडू केले, भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला. हे अर्धी भाकरी खायचे आणि ताट सरकवायचे. मग मे महिन्यात, आमच्या त्या होरपळून काढणाऱ्या उन्हात, हे लांब बाह्यांचे शर्ट घालायला लागले. मनगटापर्यंत बटण लावलेले. घरात, झोपतानासुद्धा. मी काही विचारलं नाही. खरं सांगते, त्या बाहीच्या आत काय राहिलंय ते मलाही बघायचं नव्हतं.

टँकवर जाणं तर बंदच झालं. निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी जाणारा माणूस, आता टँकचं नाव काढलं की म्हणायचा, "जरा अंग भरू दे." लग्नाची पत्रिका आली, अंग भरू दे. नातवानं फोटोला बोलावलं, अंग भरू दे. आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहायचे. मला एकाच गोष्टीची धास्ती वाटत होती. अंग भरायची वाट बघत बघत हा माणूस असाच खुर्चीत विरून जाईल आणि मी हातात वाटी घेऊन उभी राहीन. ह्यांना त्या खुर्चीतून उठवायचं कसं, ह्याशिवाय दुसरा विचारच माझ्या डोक्यात नव्हता.

म्हणून मी घड्याळ घ्यायचं ठरवलं. पैशाचं विचारू नका, चाळीस वर्षं उगीच गादीवर बसले नव्हते.

नवी पेठेत एक घड्याळवाले आहेत, माझ्याहून चार-दोन वर्षांनी मोठे, घरी तेलुगू बोलणारे. मी चित्र दाखवलं. ते म्हणाले, "हे अजून निघतं, अक्का. पण दोन मापांत येतं." त्यांनी पुण्याहून दोन्ही मागवून घेतली आणि मखमलीवर शेजारी शेजारी ठेवली. एक एकेचाळीस मिलिमीटरचं, एक सदतीसचं. फरक किती, तर ज्वारीच्या दाण्याएवढा. पण बघताना मोठं घड्याळ विहिरीसारखं दिसत होतं, लहान आपलं घागरीच्या तोंडासारखं. "आजकालची पोरं ताटाएवढी घड्याळं घालतात," ते म्हणाले, "पण पट्टा जिथं अडकतो ते कान मनगटाच्या बाहेर जाता कामा नयेत. साहेबांना घेऊन या की."

"आणायचं कशाला?" मी म्हटलं. "उद्या माप देते."

दुसऱ्या दिवशी दुपारी हे झोपले होते. मी शेजारी बसले. बाहीचं बटण लावलेलंच होतं, मी त्याला हात लावला नाही. आमच्या कामात त्याची गरजही नसते. चारी बोटं जुळवायची, अंगठा आत दुमडायचा आणि गाठींवरून हात दाबून बघायचा. आकडा आला, दोन-बारा. पूर्वी होता तोच! मी पुन्हा दाबून बघितलं. तोच. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, मी पदर तोंडात धरून रडले. म्हटलं, माझा माणूस आहे तेवढाच आहे, हे सगळं उगीच ह्यांच्या मनाचं आहे.

तशीच उठून नवी पेठेत गेले. "मोठं द्या," म्हटलं, "दोन-बाराचा हात आहे." घड्याळवाले चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिले. "पण अक्का, मनगट..." मी त्यांना बोलूच दिलं नाही. "अहो, तुमच्या जन्मात बघितले नसतील एवढे हात मी दाबलेत!"

दिवाळी पाडव्याला बायकोनं नवऱ्याला ओवाळायचं आणि नवऱ्यानं ताटात काहीतरी टाकायचं. ह्या वेळी मी ओवाळलं आणि ताटातली डबी मीच पुढं केली. ह्यांनी ती उघडली. निळ्या डायलवर निरांजनाची ज्योत हलत होती. मग ह्यांनी हळूच बाहीचं बटण काढलं. कितीतरी महिन्यांनी मी ते मनगट बघत होते.

घड्याळ गाठींवरून सरकलं, अगदी मापात. आणि गाठी ओलांडल्याबरोबर गर्रकन फिरून खाली लोंबायला लागलं. ह्यांनी ते वर केलं. दोन्ही बाजूंनी कान बाहेर आलेले, मधल्या मध्ये मनगट. हात जरा हलला, पुन्हा खाली. हे माझ्याकडं बघून हसले, ते हसणं मला बघवेना. "छान आहे की," म्हणाले. "अंग भरलं की बसेल." आणि डबीत घालून डबी कपाटात ठेवून दिली, बरोबर त्या चित्राखाली.

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. आता कळलं काय झालं ते. बांगडी अडते गाठींवर, म्हणून आम्ही गाठी मोजतो. एकदा आत गेली की मनगटावर सैलच असायची, खळखळायला नको का? आणि हाडं काही आजारानं झिजत नाहीत. झिजतं ते मांस. घड्याळाला काय करायच्यात गाठी! म्हटलं, अगं शहाणे, चाळीस वर्षांची तुझी कासारकी, आणि स्वतःच्या नवऱ्याचं मनगट तू बघितलं नाहीस. उलट आणखी एक वस्तू आणून ठेवलीस, अंग भरायची वाट बघत बसायला.

चार दिवस गप्प राहिले, मग राहवेना. "अहो, मी चुकले," म्हटलं, आणि झोपेत घेतलेल्या मापाचं सगळं सांगून टाकलं. हे आधी ऐकत राहिले, मग एकदम हसत सुटले. "म्हणजे तू मला बांगडी भरलीस व्हय!" पोट धरून हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. वर्षभरानं ऐकलं मी ते हसणं.

तो धागा धरून मी म्हटलं, "चला, बदलून आणू. त्यात लहान माप आहे."

ह्यांनी बाही खाली ओढली. "राहू दे की मोठंच. भरेल अंग."

"आणि नाही भरलं तर?"

बोलून गेले खरी. हे वाक्य वर्षभर आम्ही दोघांनी घरात येऊ दिलं नव्हतं. हे खिडकीतून बाहेर बघत राहिले. समोरच्या गच्चीवर कुणीतरी धुतलेल्या चादरी वाळत घातल्या होत्या, त्या वाऱ्यावर फुगत होत्या आणि पडत होत्या. बऱ्याच वेळानं हे उठले आणि चपला शोधायला लागले.

घड्याळवाल्यांनी खालच्या खणातून सदतीसचं काढलं. परत पाठवलंच नव्हतं त्यांनी. "तुमचा आकडा ऐकला तेव्हाच शंका आली होती, अक्का."

"मग बोलला का नाही?"

"तुम्ही बोलू दिलंत कुठं!"

ह्यांनी हात पुढं केला आणि तोंड दुसरीकडं फिरवलं. घड्याळवाल्यांनी फीत लावून मनगट मोजलं, मान खाली घालून काम करत राहिले. "पट्ट्याच्या कड्या पाहिजे तेवढ्या काढून देतो, साहेब," म्हणाले. "डायल तेवढी कापता येत नाही." आणि घड्याळ चढवलं. कुठं हललं नाही, कुठं बाहेर आलं नाही. हे हळूहळू मान वळवून बघायला लागले. आधी घड्याळाकडं, मग मनगटाकडं. आपलीच वस्तू बऱ्याच दिवसांनी सापडावी तसे बघत होते.

"हे आत्ताच्या हाताचं आहे," म्हणाले.

येताना रिक्षात ह्यांनी बाहीचं बटण लावलं नाही. बाही वाऱ्यानं फडफडत होती. मी दुसऱ्या बाजूला तोंड करून बसले, माझं रडं ह्यांना दिसायला नको म्हणून.

होळीनंतर उन्हं तापली आणि एका सकाळी हे आपण होऊन म्हणाले, "टँकवर येतेस?" जुन्या ओळखीवर आम्हाला दोघांनाच वेळ मिळाली. ह्यांनी शर्ट काढला. पोटावरचा व्रण, खांद्यांची हाडं, सगळं उन्हात उघडं. काठावर उभं राहून ह्यांनी घड्याळाची कडी शून्यावर आणली आणि पायऱ्या उतरले. मागून मीही उतरले, पंजाबी ड्रेसवर, आता लाजायचं कुणाला?

पाणी छातीला लागलं आणि हे थबकले. मागं वळून काठाकडं बघायला लागले. मी पुढं होऊन घड्याळाच्या मागं मनगट धरलं आणि म्हटलं, "हात घट्ट धरलाय. अंग सैल सोडा." आणि मोजायला लागले, ओंदु, एरडु, मूरु. पुढचे आकडे मला कधी नीट आलेच नाहीत, म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजत राहिले. कितव्यांदा तरी ह्यांचे पाय वर आले. अंग पाण्यावर पसरलं, कान पाण्यात, डोळे मिटलेले. निळ्या टँकमध्ये ती एवढीशी निळी डायल, पाण्याखाली तिचा काटा चालला होता.

"बोटं पुरतात का गं?" ह्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

माझं मधलं बोट अंगठ्यावर चढलं होतं.

"पुरतात की," मी म्हटलं. "आता धरायला सोपं झालंय."