बिनखोडीचं धनुष्य

माझ्या दुकानात धनुष्य घ्यायला आलेल्या माणसाला मी आधी त्या धनुष्याच्या खोडी सांगतो. यात माझा काही मोठेपणा नाही. ही सवय सासऱ्यांनी लावली. फौजेत मी सोळा वर्षं काढली आणि आवाज चढवायला तिथंच शिकलो, पण सासऱ्यांसमोर तो आवाज घशाच्या वर येत नाही.

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. त्यांची हयात बैलांच्या बाजारात गेली. जनावरांच्या दलालाला आमच्याकडे हेडी म्हणतात, आणि हेडी समोर आला की लोक आधी आपला खिसा चाचपतात. मामांचं मात्र एक होतं. बैलाची खोड आधी सांगायची, मग सौद्याला हात द्यायचा. "डाव्या अंगाला वडतो. पाण्याला बुजतो. पांढरं धोतर दिसलं की मारतो." एवढं ऐकूनही ज्याला घ्यायचा तो घ्यायचा, आणि घेतलेला बैल कधी परत यायचा नाही. पुढं गुडघ्यांनी संप केला तेव्हा मामांनी बाजार सोडला आणि पलूसला माझ्या दुकानात येऊन बसले. खुर्ची त्यांनीच निवडली. माझीच.

पेन्शन घेऊन आल्यावर सगळ्यांनी सांगितलं, म्हशी पाळ. मी धनुष्यबाणांचं दुकान टाकलं. गावोगावच्या शाळांतल्या पोरी तिरंदाजी शिकायला लागल्या होत्या आणि बाण मोडला की त्यांना पार पुणं गाठावं लागायचं. पहिला महिनाभर दुकानात फक्त चौकशा. एका आजोबांनी उसातली रानडुकरं मारायला यातलं कुठलं चालेल असं विचारलं. चालणार नाही म्हटल्यावर ते माझ्यावरच चिडले.

हळूहळू जम बसला तो एका मोठ्या कंपनीच्या एजन्सीमुळं. दोन शाळांचे सर त्याच कंपनीचं धनुष्य मागायचे, दुसऱ्याला हात लावायचे नाहीत. कंपनीच्या अटी दोनच होत्या. दारावर त्यांचा बोर्ड, आणि आत पहिल्या खुंटीवर त्यांचं धनुष्य. दुसऱ्या खुंटीवर मी एका बारक्या कारखान्याचं धनुष्य टांगलं होतं. त्याचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं आणि रंग शेणासारखा होता.

नवीन माल आला की मी दुकानामागं उसाच्या पाचटाचा भारा उभा करून दोन-तीनशे बाण मारून बघायचो. मामा शेजारी बसून धनुष्याकडं बैलाकडं बघावं तसं बघायचे. एकदा तर त्यांनी त्याच्याभोवती फेरी मारून मागून थाप घातली. मग म्हणाले, "पावणं, हेच्या खोडी लिवा आन् गळ्यात बांधा." कागद शोधायला गेलो तर घरात लग्नपत्रिकांचा ढीग होता. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी खोडी लिहून चिठ्ठ्या खुंट्यांवर अडकवायला लागलो.

कंपनीच्या धनुष्याला सात खोडी भरल्या. ओढताना म्हैस उठल्यासारखा आवाज करतं. उन्हात रंग हाताला लागतो. पिशवीची चेन पहिल्याच दिवशी जाते. दोरी लवकर ढिली पडते. घामानं मूठ सटकते. सोबतच्या पुस्तकातलं चित्र भलत्याच धनुष्याचं आहे. आणि सातवी, पात्याचा, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या टोकाचा, स्क्रू रोज आवळला नाही तर पातं उडून तोंडावर येऊ शकतं. दुसऱ्या खुंटीवरच्याला खूप खोदूनही एकच खोड सापडली. दिसायला वाईट.

कुणीतरी चिठ्ठीचा फोटो काढला. तो सरांच्या ग्रुपवरून आई-बापांच्या ग्रुपवर गेला, तिथून कुठं कुठं. गंमत अशी की खप वाढला. लोक यायचे, चिठ्ठी वाचायचे, स्क्रू आवळायचा पाना सोबत मागायचे आणि धनुष्य घेऊन जायचे. मी खूश होतो. मग कंपनीचा माणूस आला.

पुण्याहून आलेला, तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, कपाळावर घाम. त्यानं खुंटीवरची चिठ्ठी उलटी केली, "आमचे येथे श्रीकृपेकरून" वाचलं, परत सुलटी केली आणि सातही खोडी वाचल्या.

"काका, हे काढावं लागेल. वरून आदेश आहे. नाहीतर महिनाअखेरीला एजन्सी रिन्यू होणार नाही."

"खोटं लिहिलंय का त्यात?"

"खरं-खोट्याचा प्रश्नच नाही," तो म्हणाला. मोबाईल काढून त्यानं एका पोरसवद्या गड्याचा व्हिडिओ दाखवला. तो गडी कंपनीचं धनुष्य हातात धरून दर वाक्याला "जबरदस्त" म्हणत होता. कंपनी त्याला दर महिन्याला एक धनुष्य फुकट देते, असंही सांगितलं. रिव्ह्यू असा पाहिजे म्हणे.

मामांनी चष्मा वर करून सगळा बघितला. "ह्यानं एक बाण मारला न्हाई की वो."

माझं डोकं फिरलं. बोर्ड उतरवून त्याच्याच गाडीच्या टपावर बांधतो म्हणून मी शिडी आणायला निघालो. बायको आतून आली आणि हळू आवाजात म्हणाली, "आवं, दोन्ही शाळा ह्याच धनुष्यावर हायत. बोर्ड गेला की दुकान गेलं. मग बसा म्हशी पाळत." मी शिडी तिथंच ठेवली. खरंच होतं तिचं, आणि मला म्हशींचा तिटकारा आहे.

"मग तुम्हीच लिहा," मी त्या माणसाला म्हटलं आणि नवी पत्रिका पुढं केली. त्यानं सुंदर अक्षरात लिहिलं, "कोणतीही खोड नाही." स्वतःच्या हातानं ती चिठ्ठी खुंटीवर अडकवली, फोटो काढला आणि गेला.

त्या दिवसापासून कंपनीचं एक धनुष्य खपलं नाही. बाकी सगळ्या मालाला खोडी, बाणांना, पिसांना, बोटाला बांधायच्या कातड्यालासुद्धा, आणि हे एकटं बिनखोडीचं. शिराळ्याचे एक गृहस्थ लेकीला घेऊन आले. चिठ्ठी वाचून दोन पावलं मागं सरले.

"खोड न्हाई म्हंजे? आजारी हाय का?"

"कंपनी म्हणते तसं."

"बिनखोडीचं असतंय का कुठं? आन् आसलंच तर इकताय कशाला? घरी ठिवा की." लेकीचा हात धरून ते निघून गेले. शाळेच्या सरांनीही फोन करून विचारलं, मालात काही गडबड झाली का. मामा माझ्या खुर्चीत बसून गालातल्या गालात हसत होते, आणि मला मात्र रात्रंदिवस म्हशी दिसत होत्या.

महिनाअखेरीला तो माणूस परत आला. एजन्सीचा कागद बॅगेत होता. चेहरा उतरलेला.

"काका, विक्री शून्य. विक्री नाही तर एजन्सी नाही."

"चिठ्ठी लावली तर एजन्सी नाही, काढली तर विक्री नाही. मग मी करू काय, तूच सांग की लेका."

तो स्टुलावर बसला आणि घाम पुसायला लागला. तेव्हा मामांनी खांद्यावरचा टॉवेल काढला.

"पावणं, सौदा करू. किती खोडी चालत्याल तुमास्नी? हात द्या."

बैलाचा सौदा चारचौघांत तोंडानं होत नाही. हातावर टॉवेल टाकायचा आणि खालून एकमेकांची बोटं धरून आकडा सांगायचा. समोरच्यानं तेवढीच बोटं घट्ट धरली की सौदा ठरला. बिचाऱ्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. म्हाताऱ्या माणसानं मागितला म्हणून त्यानं हात दिला. मामांनी आधी पाच बोटं धरली, मग दोन. सात. तो एकदम ताठ झाला.

"अहो आजोबा, नको, नको," म्हणत तो स्टुलावर वळवळायला लागला. मामा खाली पाच म्हणत होते, मग चार. तो फिस्स करून हसला, डोळ्यांत पाणी आलं, आणि शेवटी मामांची बोटं थांबवायला म्हणून त्यानं त्यातली हाताला लागली तेवढी गच्च पकडली.

"तीन," मामा म्हणाले आणि टॉवेल खांद्यावर टाकला. "ठरलं. चहा टाक गं."

"आजोबा, मला गुदगुल्या झाल्या म्हणून धरली मी."

"सगळ्यांस्नीच व्हत्यात. हात दिला नव्हं?"

तो माझ्याकडं बघायला लागला. मी फौजेतला चेहरा करून छताकडं बघितलं. चहा येईपर्यंत कुठल्या तीन ठेवायच्या यावर वाद झाला. त्याला रंग, चेन आणि आवाज पाहिजे होते. मी म्हटलं, रंग गेला तरी चालेल, पण स्क्रूची खोड राहणार. पोरींच्या तोंडाचा प्रश्न आहे, त्यापायी म्हशी पाळायला लागल्या तरी पाळीन. हे बोलताना माझा आवाज चढला आणि पहिल्यांदाच मामांनी मला थांबवलं नाही. मग त्या माणसानं स्वतःच रंगावर काट मारून स्क्रू लिहिला, सगळ्यांत वर.

बाहेर जाऊन त्यानं साहेबाला फोन लावला. दारातून सगळं ऐकू येत होतं. "सर, डीलर फार कडक आहे. पण सातवरून तीनवर आणलं." पलीकडून बहुतेक शाबासकी मिळाली असावी, कारण तो आत आला तो ताठ मानेनं, आणि कागदावर सही-शिक्का करून दिला. वर्षभराची एजन्सी. बायकोनं आतून सुस्कारा टाकलेला मला ऐकू आला.

आता जाईल म्हटलं तर तो स्टुलावरून उठेना. कप रिकामा झाला होता तरी त्यातच बघत होता. मग म्हणाला, "आमची मुलगी दहा वर्षांची आहे. तिच्या शाळेत तिरंदाजी सुरू झालीय. तिला एक घ्यायचं होतं."

"तुम्हाला कंपनी फुकट देत असेल की," मी म्हटलं.

त्यानं दारावरच्या बोर्डाकडं एकदा बघून घेतलं, मग तो सरकून मामांच्या जवळ गेला, त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल आपल्या हातानं ओढून घेतला आणि त्याच्याखाली हात घातला. या वेळी तो हसला नाही. मामांनी मान हलवली आणि माझ्याकडं बघितलं.

"पावणं, दोन नंबरची खुंटी."

मी शेणाच्या रंगाचं धनुष्य काढलं, रिवाजाप्रमाणं त्याची खोड मोठ्यानं वाचून दाखवली आणि पिशवी शोधायला लागलो. दुकानातल्या सगळ्या पिशव्यांवर त्याच्याच कंपनीचं नाव होतं. शेवटी खताच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून दिलं.