मुंगवड्यांची बंदूक

बाभुळगावात आमचं घर गावाच्या अगदी कडेला आहे. गच्चीवरून आम्हाला मागची तुरीची शेतं दिसतात आणि तुरीतल्या वांदरांना आमची गच्ची दिसते. मी शाळेत विज्ञान शिकवते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून तशी शंकासुद्धा कुणाला येणार नाही.

दिवाळीच्या आधी सासूबाई गच्चीवर वाटलेल्या मूगडाळीच्या मुंगवड्या वाळत घालत होत्या. एका हुप्प्यानं मागून येऊन त्यांच्या हातातला डाळीचा गंज, म्हणजे पातेलं, ओढला आणि त्या पडल्या. हाडाला काही झालं नाही, पण धसका बसला तो बसलाच. त्या वर जाईनात. खरं तर मुंगवड्या म्हणजे त्यांचा जीव. नणंदांकडे, माझ्या माहेरी, शेजारीपाजारी त्यांचे डबे जायचे. आता त्या खिडकीत बसून भाजी निवडायच्या आणि दिवसभर कुणाशी चकार शब्द बोलायच्या नाहीत. मला ते गप्प बसणं बघवेना.

म्हणून मी मोबाइलवरून बंदूक मागवली. प्लास्टिकच्या गोळ्या उडवणारी, खेळण्यातलीच, पण दिसायला अशी की खोकं उघडल्यावर नवरा म्हणाला, "कोन्त्या बॉर्डरवर चालली तू?" सासूबाईंनी एकच अट घातली. "अंगावर नाई मारायची. मारुतीचं लेकरू हाय ते." मग पदर खोचून, बंदूक घेऊन त्या माझ्यापुढे वर गेल्या आणि आभाळात एक गोळी उडवली. वांदरं तुरीत पळाली. त्या दिवशी त्या जेवतानासुद्धा बोलत होत्या.

आठवडाभरात बंदूक मोडली. तिची मागची दांडी ओढली की आतली स्प्रिंग दबते, आणि नखाएवढा एक लोखंडी खटका तिला अडवून धरतो. घोडा दाबला की खटका सुटतो. तो खटकाच तुटला. मी म्हटलं, नुसती हातात धरून उभ्या राहा, वांदराला काय कळतं मोडलीये की धड आहे ते.

"वांदराले नाई कळत," सासूबाई म्हणाल्या, "पन मले तं मालूम हाय न."

बाजारात दुरुस्तीला न्यावी, तर शाळेची मॅडम खांद्यावर बंदूक टाकून बसस्टँडवरून चाललीये, हे दृश्य पालकसभेपर्यंत पोचलं असतं. तेव्हा मी जाहीर केलं की खटका मीच घडवणार. एवढासा लोखंडाचा तुकडा, त्यात काय आहे. तरफेचा धडा मी दर वर्षी शिकवते.

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या होत्या. कानस, पक्कड, हातोडी, नवऱ्याची ड्रिल मशीन घेऊन मी गच्चीवर टाकीशेजारी दुकान मांडलं. बंदूक उघडली तशी स्प्रिंग उडाली ती थेट शेजारच्यांच्या अंगणात. ती मागायला गेले तर शेजारीणबाई म्हणाल्या, "कुकरची हाय का वो?" मी हो म्हणून टाकलं.

पहिला खटका मी खिळ्याचा केला. घोडा दाबायच्या आतच तो वाकला आणि गोळी माझ्या चपलेवर आपटली. दुसऱ्याला भोक पाडताना ड्रिलचं बिट मोडलं, ते अजून नवऱ्याला सांगितलेलं नाही. मग सासूबाईंनी कोपऱ्यातून एक मोडकं खुरपं आणून दिलं. त्याच्या पात्याचा तुकडा कापून मी घासत बसले. पोलाद कसलं, नुसता हट्टीपणा. बोटांना फोड आले, माझा राग अनावर झाला, मी कानस फेकून दिली आणि थोड्या वेळानं मुकाट्यानं उचलून आणली.

सासूबाई पक्कड धरायला शेजारी बसायच्या. मला वाटायचं, सुनेची कारागिरी बघायला येतात. त्या मारेगावच्या माहेराचं सांगायच्या, कापसाच्या वेचणीला जाताना कोण कुणाला काय बोललं ते सांगायच्या, आणि बोलता बोलता बाजूला साडीवर मुंगवड्या घालायच्या. वांदरं समोरच्या कडुलिंबावर बसून आमच्याकडे बघत असायची. एकही खाली आलं नाही. त्याचं श्रेयही मी माझ्या हातोडीला दिलं.

सुट्ट्या संपता संपता खटका बसला. मी नवऱ्याला मुद्दाम वर बोलावून प्रात्यक्षिक दाखवलं. नेम आभाळाचा होता, गोळी शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या बनियनला लागली. पण सुटली तर खरी. दोन दिवस मी घरात अशी वावरत होते की मला चहासुद्धा दुसऱ्यानं करून द्यावा.

शाळा सुरू झाली. बंदूक सासूबाईंच्या हाती देऊन मी ऐटीत निघाले. संध्याकाळी आले तर वाटलेली डाळ गंजात तशीच आंबलेली, आणि बंदूक दाराला टेकवलेली.

"काहून वर नाई गेल्या आई?"

"गेलती न. अर्ध्या पायऱ्यांवरून वापस आली." मग गंजावर झाकण ठेवत म्हणाल्या, "एकटीच वर जाऊन काय करू वो?"

मला स्वतःचा भयंकर राग आला. इतके दिवस खटका घासत बसले आणि शेजारी बसलेलं माणूस कशासाठी बसलंय ते मला दिसलं नाही. त्यांना वांदरांची भीती होती, पण त्या रिकाम्या गच्चीची जास्त होती.

शनिवारी रात्री जेवताना त्या ताटाकडे बघत म्हणाल्या, "खटका ढिला झाला वाटते. उद्या पाह्य बरं जरा."

मी गुपचूप दांडी ओढून बघितली. खटका ठणठणीत होता. माझ्या हातून आयुष्यात धड झालेली ती एकच वस्तू असावी.

रविवारी सकाळी मी कानस आणि बंदूक घेतली, त्यांनी डाळीचा गंज घेतला आणि आम्ही वर गेलो. त्या बघत असल्यानं नुसतं घासल्याचं नाटक जमेना, म्हणून खरंच घासावं लागलं. दुपारपर्यंत मुंगवड्यांनी साडी भरली आणि खटका स्प्रिंग धरेनासा झाला.

आता तो पुन्हा नव्यानं करावा लागेल. खुरप्याचं पातं अजून बरंच शिल्लक आहे.