सोहोनीकाकांची गझल

मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा तो मेसेज वाचून सुमनताईंनी आधी चष्मा पुसला आणि मग पुन्हा वाचला. 'रविवारी, चहापाण्यानंतर : श्री. मुरलीधर सोहोनी. गझल, पन्नास वर्षांची सोबत.' खाली तबल्याचं चित्र आणि लोकांनी टाकलेल्या बदामांची रांग.

हे सोहोनी म्हणजे त्यांचे यजमान. आरतीला नुसत्या टाळ्या वाजवणार, त्याही ठेका चुकवून. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? तरुणपणी सांगलीहून निघालेला हा माणूस सॉमरसेटच्या हेलिकॉप्टर कारखान्यात तपासनीस म्हणून लागला आणि रिटायर झाल्यावर लेकीजवळ राहायला बर्मिंगहॅमला आला. इतक्या वर्षांत घरी जे काय बोलला, ते पोस्टाच्या तिकिटामागे मावलं असतं. लष्कराचं काम, घरी बोलायचं नाही, असा कारखान्याचा दंडक होता. सोहोनींनी तो इतका मनावर घेतला की कामाखेरीज बाकीचंही बोलेनासे झाले.

त्यात सुमनताईंच्या मनात एक जुनी सल. वरदा जन्मली तेव्हा सोहोनी हॉस्पिटलात आले, पाळण्याकडे एकदा बघितलं आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. पुढे कित्येक दिवस तोंडातून शब्द नाही. मुलगी झाली म्हणून, दुसरं काय? सुमनताईंनी ते गिळलं खरं, पण एकदा भांडणाच्या भरात वरदापाशी बोलून गेल्या. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं पाऊस, बागकाम आणि कचऱ्याचे बिन कधी न्यायला येणार, एवढ्यावर आलं. तोंडातून गेलेला शब्द काही परत घेता येत नाही, हे त्यांना रोज जेवणाच्या टेबलावर दिसायचं.

आणि आता ही पन्नास वर्षांची सोबत! लग्नाला तर अजून पन्नास झाली नव्हती.

"अहो, रविवारी तुम्ही गझल करणार आहात?"

इंजिनांच्या आवाजात सोहोनींचे कान कधीच गेले होते. "हो, गझेल," ते म्हणाले. "ती मंडळाचे कार्यक्रम ठरवणारी श्रद्धा फोनवर फारच मागे लागली. म्हटलं, बोलतो गझेलवर."

"तुमचा आणि तिचा संबंध कधीपासून?"

"तू यायच्या आधीपासून," सोहोनी एकदम खुलले. "तिच्यासारखी पुन्हा झाली नाही."

सुमनताईंना काही कळेना. नवरा गाणारा निघाला याचं नवल करावं, की 'तिच्या'वर चिडावं? या वयात चिडणं शोभतं का, तेही कळेना. शेवटी त्यांनी रविवारी नेसायला हिरवी पैठणी काढली. कोणी का असेना ती, आपण काही कमी दिसायचं नाही.

रविवारी हॉल भरला. मंडळाचे हौशी तबलजी डॉ. राजीव तबला जुळवून बसले होते. वरदा आईच्या शेजारी, कोट अंगातच ठेवून. सोहोनींनी तबल्याकडे गोंधळून बघितलं, लॅपटॉप उघडला, आणि पडद्यावर एक हेलिकॉप्टर आलं. पुढे काचेचा गोल, मागे शेपटीच्या आतच बसवलेला पंखा.

"क्या बात है," सवयीने कुणीतरी म्हणालं.

"ही गझेल," सोहोनी म्हणाले. "हरणाच्या जातीचं नाव आहे."

"ओ माय गॉड, काका!" श्रद्धा पहिल्या रांगेतून उठलीच. "मला फोनवर गझल ऐकू आलं! आय ॲम सो सॉरी!" ध चा मा झाला होता. हॉल खदखदून हसला. सुमनताईंना तर हसू आवरेना, सवत पत्र्याची निघाली होती. राजीवांनी मात्र तबला तसाच मांडीपुढे ठेवला, न जाणो पुढे गरज लागली तर.

सोहोनींना काय चुकलं ते नीट उमगलं नाही, पण आता थांबायचं कसं, म्हणून ते बोलत राहिले. फ्रेंचांनी ती आखली, इंग्रजांनी भागीदारीत बांधली. काम बघण्याचं. झाडाआडून डोकवायचं, शत्रू कुठे आहे ते बघायचं आणि मागे कळवायचं. नंतर तिच्या छतावर दुर्बीणही आली. आयर्लंड, आखात, बाल्कन, जिथे फौज गेली तिथे ती गेली. परवा-परवा सैन्यातून निवृत्त झाली, "माझ्याहून उशिरा."

मग त्यांनी एक चित्र लावलं. राखाडी समुद्र, उघडं माळरान.

"ब्याऐंशी साल. फॉकलंडचं युद्ध. बघ्याचं काम करणारं मशीन, त्यावर घाईघाईने रॉकेटं चढवली. मे महिन्यात बातमी आली, फौज बेटावर उतरली त्या पहिल्याच दिवशी दोन पाडली. पुढे आणखी एक. आतली पोरं..." ते थांबले. "माझ्या हाताखालून गेलेलं त्यात होतं का, मला माहीत नाही. कुणी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. घरीही बोलता येईना. काय बोलायचं तेच कळत नव्हतं."

आता हॉलमध्ये कुणी हसत नव्हतं. सुमनताईंचा हात पैठणीच्या पदरावर तसाच राहिला. मे महिना. वरदाच्या जन्माचा. इतकी वर्षं ज्याचा राग केला, ते घडलंच नव्हतं? मग तो राग कुठे नेऊन ठेवायचा?

शेजारी वरदा उभी राहिली. "बाबा, एक क्वेश्चन. ती मे महिना, तेव्हाच मी झाला ना?"

"हो. त्याच आठवड्यात," सोहोनी म्हणाले.

"मग तुम्ही बोलत नव्हता, ते... मुलगी झाला म्हणून नव्हता?"

मागे कुणीतरी तिच्या मराठीला फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.  ऐकू आलं नाही की काय, म्हणून सोहोनींनी कानामागे हात धरला, मग खाली घेतला.

"मुलगी झाली म्हणून?" त्यांनी विचारलं. "अगं, त्या दिवसांत चांगलं म्हणावं असं तू एकटीच तर होतीस. कोण म्हणालं असं?"

वरदाने आईकडे बघितलं नाही. सुमनताई आपणहून उभ्या राहिल्या.

"मी म्हणाले," त्या म्हणाल्या. "तुम्ही काही बोललाच नाहीत. मग मीच म्हणाले."